फिटर आबांचा कर्णा

आबा दातांनी ऐकायचे. ही थट्टा नाही. पाचोऱ्याच्या जीनमध्ये, कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या धडधडाटात त्यांची हयात गेली आणि तिच्याबरोबर कानही गेले. मग इंजिनात कुठं काय वाजतंय ते कळावं म्हणून त्यांनी आपली एक युक्ती काढली. लोखंडी सळईचं एक टोक इंजिनाच्या अंगाला टेकवायचं आणि दुसरं दातांत धरायचं. डोळे मिटून, मान जरा वाकडी करून ते उभे राहात, आणि थोड्या वेळानं सळई काढून सांगत, "डावीकडनं बेअरिंग गयं." ते गेलेलंच असायचं. नवे आलेले मजूर तोंडाला उपरणं लावून हसत. आबांना ते हसणं ऐकू येत नसे, त्यामुळे त्यांचं काही अडत नसे.

गावात त्यांना फिटर आबा म्हणत. माझे ते वडील. त्यांच्या मागं लोक त्यांना देवमाणूस म्हणू लागले. माणूस एकदा चितेवर गेला की त्याला देवमाणूस करायला आमच्याकडे वेळ लागत नाही. आबा देवमाणूस वगैरे काही नव्हते. तापट होते, हेकट होते, वरणात मीठ कमी पडलं तर ताट सरकवून उठायचे. मला त्यांचा जितका लळा होता तितकाच पुढं रागही आला, आणि आज म्हातारपणी दोन्ही शाबूत आहेत. पण एक गोष्ट त्यांचे दुष्मनसुद्धा कबूल करत: फिटर आबा खोटं बोलत नाहीत. "यंत्र लबाड बोलत नही, माय. मानूस बोलस," असं ते मला सांगायचे. आमच्या खानदेशात बाप लेकीला माय म्हणतो. माझी खरी माय मला जन्म देऊन महिन्याभरात गेली होती, म्हणून की काय, आबा तो शब्द जरा सांभाळून उच्चारायचे.

त्यांचं दुसरं वाक्य म्हणजे "बिघाड शे ना? मंग सापडी." इंजिन बंद पडलं, घरातला रहाट अडला, गाय आटली, सगळ्याला हे एकच उत्तर. बिघाड म्हणजे कुठंतरी लपून बसलेली वस्तू. बसून शोधली की हाती लागते. गायीच्या बाबतीत ती हाती लागली नाही. तरी आबांनी बरेच दिवस तिच्या पोटाला सळई लावून पाहिली, आणि गायीनं एक लाथ घातली तेव्हाच ते थांबले.

घरात आम्ही चौघं. आबा, मी, माझ्याहून खूप मोठा भाऊ सुपडू आणि त्याची बायको. सुपडूच्या आधीची मुलं जगली नव्हती, म्हणून तो झाल्यावर त्याला सुपात घालून देवापुढं ठेवला आणि नाव सुपडू ठेवलं. वहिनी पारोळ्याकडची. सून सासऱ्यापुढं बोलत नाही, ही आमच्यातली रीत. पदर डोळ्यांपर्यंत ओढून ती चुलीपाशी बसायची आणि मला म्हणायची, "आबास्ले सांग, जेवन व्हयनं." आबा हाताच्या अंतरावर बसलेले असत. मग मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायची, "आबा, जेवण झालं!" यावर ते मलाच म्हणायचे, "तिले सांग, ऊनू." ऊनू म्हणजे आलो. एकाला ऐकू येत नाही आणि दुसरीला बोलता येत नाही, अशा दोन माणसांचा संसार माझ्या घशावर चालला होता. मी खेळायला गेले की भाकरी मधे ठेवून दोघंही उपाशी बसून राहायची. त्यासाठी मी मारही खाल्ला आहे.

लढाई सुरू झाली तेव्हा सुपडूभाऊ फौजेत गेला. त्याला कोणी ओढून नेलं नाही. मोटार चालवायला मिळते एवढं त्यानं ऐकलं आणि निघाला. आबांना आतून अभिमानच वाटला असणार. लेक इंजिनावर बसणार होता. बोटीनं तो पूर्वेकडे गेला. सिंगापूर पडलं हे आम्हाला जीनच्या शेठकडून कळलं, आणि पुढं काही महिन्यांनी फौजेची तार आली. शाळेच्या मास्तरांनी ती मोठ्यानं वाचली. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मास्तरांच्या तोंडून निघालेला शब्द त्यांच्या कानात ओरडले: बेपत्ता.

"म्हंजे काय?" आबांनी विचारलं.

"ठावठिकाणा लागत नाही," मास्तर म्हणाले, आणि मी ओरडले.

"मेला असं नही ना लिखेल?"

"नाही."

"मंग सापडी," आबा म्हणाले आणि सळई उचलून कामावर गेले.

त्या सुमारास कोणीतरी बातमी आणली, की सिंगापूरकडचं एक स्टेशन दिवेलागणीला हिंदुस्थानीतून कैद्यांची आणि मेलेल्यांचीही नावं सांगतं. नाव, गाव, कधी कधी घरच्यांना दोन शब्द. ते ऐकायला सरकारची बंदी होती, पण बंदीमुळं बातमी जास्तच फिरली. शेठच्या बंगल्यात एक जुना रेडिओ अडगळीत पडला होता. पेटी फुटलेली, आतला आवाज काढणारा भाग जळलेला. आबांनी तो मागून आणला, जीनच्या डायनामोवर बॅटरी भरून घेतली आणि बरेच दिवस खटपट करून रेडिओ जिवंत केला. पण बोलायला त्याला तोंड नव्हतं. कानाला लावायची एक डबी तेवढी होती. ती माझ्या कानाला. आबांना तिचा उपयोग नव्हता. सळई टेकवायला त्या डबीत जोरच नव्हता.

रोज संध्याकाळी दार लावून मी कान देऊन बसायची. आबा समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत. "काय आयकू येस?" पंजाबातली नावं यायची, मद्रासकडची यायची, अधूनमधून एखादं साताऱ्याचं. सगळी मी जशीच्या तशी सांगायची. पण आबांचं समाधान होईना. "तू पोर शे. एखादं नाव सुटी जाई." शिवाय सुपडू हे नाव परक्या माणसाला नीट घेता येणार नाही, तो त्याची काहीतरी मोडतोड करणार, आणि मोडकं नाव ओळखायला बापाचाच कान पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा यंत्राला मोठं तोंड द्यायचं, म्हणजे त्याला सळई लावून त्यांना स्वतःला ऐकता येईल. आबांचा कर्णा तिथून सुरू झाला.

आधी त्यांनी ती डबी पितळी घागरीत सोडली. घागरीतून आवाज मोठा आला खरा, पण विहिरीत पडलेल्या माणसासारखा, शब्द कळेना. मग रॉकेलचा डबा कापून पत्र्याचा कर्णा केला. त्यातून बोलणारा प्रत्येक माणूस सर्दी झाल्यासारखा बोलायचा आणि आबांनी दात टेकवले की पत्रा नुसता थरथरायचा. "पत्रा नको. कागद पाह्यजे," आबा म्हणाले. शेठच्या बंगल्यातला चालू रेडिओ त्यांनी मागून उघडून पाहिला होता आणि त्यात कागदाचा गोल पडदा हलताना त्यांना दिसला होता.

कागद म्हटल्यावर वहिनीनं चुलीपाशी मान वर केली. आमच्याकडे बायका रद्दी कागद भिजवून, कांडून, त्यात मेथीचं पीठ कालवून टोपल्या करतात. मेथीनं लगदा चिकट होतो आणि कीड लागत नाही. वहिनीच्या टोपल्या गल्लीत नावाजलेल्या होत्या. ती मला म्हणाली, "आबास्ले सांग, लगदा मी करस." आबांनी मातीचा साचा थापला, वहिनीनं त्यावर लगदा चढवला, सावलीत सुकवला. पण झाली ती टोपलीच. तिच्यात दाणे भरता आले असते, बोलता येत नव्हतं. वहिनीनं तो पडदा बोटांनी वाजवून पाहिला आणि निरोप दिला, "आबास्ले सांग, पापडसारखा पातळ पाह्यजे." पुढचा तिनं इतका पातळ केला की दिव्यापुढं धरला तर ज्योत दिसायची.

जुन्या इंजिनात ठिणगी पाडणारा जो भाग असतो, त्यातलं घोड्याच्या नालासारखं चुंबक आबांनी काढलं. त्याच्या तोंडात तारेची गुंडाळी बसवायची होती. तार केसासारखी बारीक. आबांची बोटं जाड, घट्टे पडलेली. तार त्यांच्या हातात तुटायची. म्हणून गुंडाळायचं काम माझ्याकडे आलं. उंबऱ्यावर मी बसायची, हातात बोरूची नळी, आणि समोर आबा दोन बोटांत तार ताणून धरायचे. वेढ्यावर वेढा चढला की टपली बसे. "वात वळतस तशी. घाई नको." एवढंच बोलणं. दुपार सरायची, समोरून सरकीच्या गाड्या जायच्या, वहिनी आत लगदा कांडायची, आणि तार माझ्या हाताखाली तांबड्या रेशमासारखी चढत जायची. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस होते, हे लिहायला मला लाज वाटत नाही. भाऊ बेपत्ता होता, आणि मी सुखात होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला बापानं समोर बसवून घेतलं की तिला जगाचं काही पडलेलं नसतं.

बाभळीच्या फळीला भोक पाडून पडदा बसवला आणि एका संध्याकाळी तार जोडली. आधी खरखर झाली, मग त्या कागदातून एक माणूस बोलू लागला. घरभर मेथीचा वास होता. वहिनी पदर सावरायचा विसरून दारात येऊन उभी राहिली. आबांनी सळई पडद्याच्या मधोमध अलगद टेकवली, दातांत धरली आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळानं त्यांनी ती काढली. "बोलस," ते म्हणाले.  मी हे वहिनीला सांगायला वळले, पण तिनं ऐकलंच होतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी आम्ही दोघं. नावं संपली की आबा मला विचारायचे, "तू काय आयकं?" आणि माझं आणि त्यांचं जुळवून पाहायचे. सुपडूचं नाव आलं नाही. पण आबांना त्यात वेगळंच काही दिसलं, आणि त्यांच्यासारख्या माणसालाच ते दिसावं. त्यांना वाटलं नाव येतंय. आपल्या कर्ण्यात अडकतंय. आवाज फाटतो तिथं, खरखर मधे येते तिथं, ते नाव निसटतं. पावसाळ्यात मेथीचा पडदा ओल धरायचा, सैल पडायचा आणि सगळी नावं घोगरी व्हायची, की आबा पडद्यावर बोट ठेवून म्हणत, "पाह्य, आठेच बिघाड शे." मग नवा लगदा, नवी तार. किती पडदे झाले ते मी मोजले नाहीत. वहिनी मुकाट्यानं कागद भिजत घालायची. लेक सापडत नाही हा दोष कर्ण्याचा, असं एकदा ठरल्यावर आबांना दुःख करायला सवडच नव्हती.

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे असतात. मेलेल्याच्या नावानं काढले तर अशुभ, जित्याचे राहिले तर त्याहून अशुभ. गल्लीतल्या बायका आमच्या सुपाकडे डोळा लावून असायच्या. आबा आधी सुपडूची मूठ टाकायचे आणि मग आपली.

दुसऱ्या वर्षी वहिनीचे वडील पारोळ्याहून आले. गरीब स्वभावाचा माणूस. ओसरीवर बराच वेळ पिकापाण्याचं बोलून झाल्यावर म्हणाले, "फिटर आबा, आखो कितला दिन वाट दखानी पोरनी?" मी ओरडले. आमच्यात पाट लागतो; नवरा गेला तर बाई दुसरं घर करू शकते. पारोळ्यात एक बिजवर शेतकरी विचारत होता, माणूस चांगला होता. पण नवरा गेला असं कोणी म्हटल्याशिवाय पंच पाट लावणार नव्हते, आणि ते म्हणायचं आबांनी.

"यंत्र जरा दुरुस्त व्हऊ द्या," आबा म्हणाले.

व्याह्यांनी कपाळाला हात लावला. "यंत्र घाला चुलीमा! पोर सुकी राह्यनी तठे." हे मी आबांना सांगितलं नाही, मला वहिनी जायला नको होती. पण आबांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं होतं.

त्याच्या पुढच्या श्रावणातली कानबाई. आमच्या घरी भाऊबंदांच्या बायका जमल्या होत्या. सवाष्णींना हळदीकुंकू चाललं होतं. एक चुलती कुंकवाचं बोट घेऊन ओळीनं सरकत होती. वहिनीपुढं ती आली, बोट कपाळापर्यंत नेलं, आणि तिथंच थांबली. मग बोट तसंच पुढच्या बाईकडे गेलं.  बांगड्यांचा आवाज थांबला.

वहिनी उठली. ओसरीवर आबांशेजारी मी गहू निवडत होते. ती दाराआड येऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "आबास्ले विचार, मी कोनमा बसू? सवाशीनमा, का रांडमुंडमा?"

मला ते हळू सांगता आलं असतं तर. पण आबांना हळू कुठलं ऐकू यायला? मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि नेहमीसारखी ओरडले. आत बसलेल्या साऱ्या बायकांनी ऐकलं, गल्लीनं ऐकलं.  आबांजवळ प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे, मग दाराकडे, मग आपल्या हातांकडे पाहिलं. वहिनी मागच्या दारानं निघून गेली. ती त्या दिवशी जेवली नाही, आबाही जेवले नाहीत, आणि यावेळी मी घरातच होते.

काही दिवसांनी, एका पावसाळी संध्याकाळी, आबांनी रोजच्यासारखा रेडिओ लावला. बॅटरी उतरली होती. पडदा भिजून लोंबत होता. त्यातून फक्त खरखर येत होती. माझी बोटं पडद्याच्या कडेवर होती, आणि त्यात माणसाचा एक शब्दही नव्हता. आबांनी सळई दातांत धरली. डोळे मिटले. खूप वेळ तसेच बसले. मग सळई खाली ठेवली, उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. वहिनीनं गडबडीनं पदर ओढला. आबा माझ्याकडे वळले नाहीत. ते तिच्याशी बोलले, लग्न होऊन ती घरात आल्यापासून पहिल्यांदा.

"पोरी, नाव ऊनं. सुपडू नही राह्यना."

वहिनीच्या हातातली भाकरी परातीत पडली. ती ओरडली नाही की रडली नाही. मी कर्ण्यापाशी होते तिथंच बसून होते. आबा परत येऊन माझ्यासमोर बसले. रोज ते मला विचारायचे, तू काय आयकं. त्या दिवशी विचारलं नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात असं काही होतं की मी पडद्यावरून बोटं काढून घेतली.

पंच जमले. कोणीतरी विचारलं, बातमी खरी कशावरून? दुसऱ्यानं त्यालाच दटावलं, फिटर आबांनी स्वतः ऐकलंय, आणखी काय पाहिजे? कोणी मला विचारलं नाही. पोरीला कोण विचारतो! आबांनी मिशा उतरवल्या, दहावं केलं, तेरावं केलं. पिंड त्यांच्या हातातून सुटेना, शेवटी भटजींनी मनगट धरून तो ठेववला. लोक म्हणाले, बापाचं काळीज. मला मात्र आजही वाटतं की ते काळीज भीतीनं हलत होतं. ज्याचा मुडदा पाहिला नाही, ज्याच्या मरणाचा एक शब्द कानावर आला नाही, त्या लेकाला हा माणूस आपल्या हातानं पिंड देत होता, आणि आपण काय करतोय ते त्याला पुरतं कळत होतं.

थंडीत पाट लागला. पाट अंधारात लागतो, लेकरांना तिथं नेत नाहीत. मी सकाळी उठले तेव्हा वहिनी घरात नव्हती. जाताना तिनं माझी वेणी घालून ठेवली होती, मी झोपेत असतानाच. ती मी कितीतरी दिवस सोडू दिली नाही. माझी आई गेली तेव्हा मला काही समजत नव्हतं. या वेळी सगळं समजत होतं. मला आबांचा भयंकर राग आला. मनात यायचं, गल्लीत उभं राहून ओरडावं की नाव आलं नव्हतं, बॅटरी उतरली होती. माझा आवाज तर मोठाच होता. मी ओरडले नाही, आणि भाकरी थापायला शिकले. आबा कच्च्या भाकरी मुकाट खायचे. मीठ कमी पडलं तरी त्यांनी पुन्हा कधी ताट सरकवलं नाही.

लढाई संपली. कैदी सुटून येऊ लागले. आबांनी जीनमधली पाळी बदलून घेतली आणि ते स्टेशनवर जाऊ लागले. मी सोबत. गावातले लोक हळहळत. म्हणत, म्हाताऱ्याला वेड लागलं, मेलेल्या लेकाची वाट बघतो. गाडी यायची, खाकी कपड्यातली माणसं उतरायची, हडकलेली, पिवळी पडलेली. आबा एकेकाचं तोंड निरखायचे. तो सुपडू नाही असं दिसलं की त्यांच्या छातीतून श्वास सुटायचा. मग गाडी निघून गेली की तिथंच बाकावर बसून ते रडायचे. असं दर वेळी, आधी सुटका आणि मग रडणं. एकदा मला म्हणाले, "ऊना तर काय सांगू माय त्याले? तुनी बायको मी दी टाकी?"  मी त्यांचा हात धरून बसले. त्या दिवशी माझा राग बराचसा ओसरला.

आणि एक दिवस असा एकजण उतरला, की तो सुपडूभाऊच्याच तुकडीतला होता. चाळीसगावकडचा. मोटार चालवणारी पलटण, मलाया, सिंगापूर, सगळं तो भोवती जमलेल्या लोकांना सांगत होता. मी आबांच्या कानात ओरडले, "आबा, हा भाऊबरोबर होता! विचारा ना!" आबा बाकावरून उठले. त्या माणसाकडे दोन पावलं गेले. तीन वर्षं ज्या एका शब्दासाठी त्यांनी पत्रे कापले, लगदे कांडून घेतले, तो शब्द समोर उभा राहून विडी ओढत होता. तो माणूस वळून आबांकडे बघायला लागला. आबा मागं फिरले, माझं मनगट घट्ट धरलं आणि फलाटाबाहेर चालू लागले.

"नको," ते म्हणाले. "काहीच नको."

त्यानंतर ते स्टेशनवर गेले नाहीत. जीनमध्येही फार दिवस गेले नाहीत. त्यांचे दात हलू लागले, एकेक पडले, आणि दातांबरोबर उरलंसुरलं ऐकणंही संपलं. मी कानाशी कितीही ओरडले तरी ते माझ्या ओठांकडे बघत आणि अंदाजानं मान हलवत. छातीत कापसाच्या धुळीचं किटण बसलं होतं, खोकला थांबत नव्हता. सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं, आणि मी पारोळ्याला निरोप धाडला.

वहिनी आली. कडेवर मूल होतं, कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. नवरा बाहेर गाडीपाशीच थांबला. पहिल्या सासरच्या घरात पाटाचा नवरा कसा येणार? मूल माझ्याजवळ देऊन ती आबांच्या उशाशी बसली. पदर तसाच डोळ्यांपर्यंत. थोड्या वेळानं, त्यांच्याकडे न बघता, ती मला हळूच म्हणाली, "आबास्ले विचार, त्या रोजले नाव खरंच ऊनं व्हतं का?"

आबांना तिचे ओठ हललेले दिसले. "काय म्हने ती?" त्यांनी मला विचारलं.

मी वाकले. त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि छाती फुटेपर्यंत ओरडले, "म्हनस, मी सुखमा शे!"

त्यांना थोडं ऐकू आलं असावं, किंवा त्यांनी अंदाज बांधला असावा. त्यांचा चेहरा सैल पडला. मी मान वर केली तेव्हा वहिनी माझ्याकडे बघत होती. मी तिचा प्रश्न विचारला नव्हता, आणि का विचारला नव्हता हे तिला कळलं होतं.  मग तिनं पदर मागं सारला, सासऱ्याच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि स्वतः ओरडली, "सुखमा शे, आबा! बठ्ठं चांगलं शे!"

आबा तिच्या उघड्या चेहऱ्याकडे बघतच राहिले. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून मला म्हणाले, "ती मनासंगे बोलनी का?"

"हां, आबा."

त्यांनी डोळे मिटून घेतले. वहिनी उठली, पुढच्या दारापर्यंत गेली, आणि तिथं उंबऱ्यावर बसून तिनं हंबरडा फोडला. सुपडूभाऊ गेल्याचं सांगितलं त्या दिवशी जे आलं नव्हतं ते सगळं तेव्हा आलं. गाडीपाशी तिचा नवरा बैलांना पाणी पाजत होता. म्हातारा गेला असं समजून त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि मान खाली घालून उभा राहिला. आबा तेव्हा जिवंत होते.